तीन सेकंदांचं टायमिंग

४ जून

प्रिय ठोंब्या,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते आहे. दोन खोल्यांचं घर. मी गॅलरीत जाऊन कुजबुजले तरी ह्यांना ऐकू जातं. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, कानांना हात लावलेला नाही. आणि तसाही तू फोनवर 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाहीस.

तर ऐक. ऑपरेशनला सात महिने झाले. आमच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवणारे आहेत ना, त्यांनी सुटे भाग आणून ह्यांच्यासाठी एक कॉम्प्युटर जुळवून दिलाय. ह्यांनी टाइप करायचं, शेवटी एक बटण दाबायचं, की कॉम्प्युटर ते वाक्य बोलतो. आवाज पुरुषाचाच, पण बातम्या देणाऱ्यासारखा. मोबाइलवर ह्यांची जाड बोटं बसत नाहीत, एक अक्षर दाबायला जातात नि तीन उमटतात. म्हणून हे मोठं धूड जेवणाच्या टेबलावर. पडद्याच्या पुढे हे, मागे मी.

अडचण अशी, की टाइप करून झाल्यावर आवाज यायला वेळ लागतो. मी घड्याळ लावून मोजलंय. तीन सेकंद, कधी चार. तू म्हणशील, तीन सेकंदांचं काय एवढं! पण जेवताना तीन सेकंदांत विषय बदलतो रे. परवा माझे दीर आणि जाऊबाई आले होते. दीर नव्या बुटांचं कौतुक सांगत होते. ह्यांनी काहीतरी टाइप केलं, डोळे चमकले, म्हणजे गंमतच असणार. पण आवाज आला तेव्हा जाऊबाई स्वतःच्या गुडघ्यांचं दुखणं सांगायला लागल्या होत्या. आणि कॉम्प्युटर अगदी गंभीरपणे म्हणाला, "जोडी झकास आहे, पण दोन्ही डावे वाटतात." जाऊबाई रडायच्याच बाकी होत्या.

जुन्या सामानाचे लिलाव तीस वर्षं पुकारलेला माणूस. मोडक्या खुर्चीबद्दल असं बोलायचा की लोकांना स्वतःच्या घरातल्या धड खुर्च्या नकोशा व्हायच्या. तो आता दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलतो. काल चारच.

फ्रेमवाले म्हणतात, मेमरीचं टायमिंग जरा आवळलं की कॉम्प्युटर झटक्यात चालतो. मेमरीच्या कारखान्यात तर माझा सख्खा भाऊच बसलाय! तेव्हा कुठले आकडे कुठे घालायचे ते नीट क्रमाने लिहून पाठव. ह्यांना कळू द्यायचं नाहीये. आशा लावायची आणि काही झालं नाही, असं ह्या वर्षात फार वेळा झालंय.

आणि फेब्रुवारीत येणार होतास, त्याचं काय झालं?

तुझी ताई

•

११ जून

ताईस नमस्कार.

तुझ्या फ्रेमवाल्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही आणि तुझ्या उपयोगाचंही नाही.

मी दिवसभर जे करतो तेच सांगतो. मेमरीच्या पट्टीकडे काही मागितलं की ती ठरावीक ठोके थांबते आणि मग देते. किती ठोके थांबायचं, ते म्हणजे टायमिंग. तुमच्या पट्टीचा पहिला आकडा बहुतेक बावीस असेल. तो सोळावर आणला तर काय वाचतं? एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे कर. त्यातले साधारण चार. ज्यांना मोठमोठी गणितं करायची असतात किंवा भारी गेम खेळायचे असतात, त्यांना मोजून थोडा फरक दाखवता येतो. आमच्याकडे काही जण त्यासाठी आठवडे घालवतात आणि मग तक्ता काढून एकमेकांना दाखवतात. पण पत्र लिहिणं, फोटो बघणं, एखादं वाक्य बोलून घेणं, असल्या रोजच्या कामात कुणालाही फरक कळत नाही. मलाही नाही. तुझे तीन सेकंद तिथे नाहीत, ताई.

शिवाय आकडे फार आवळले की पट्टी चुकायला लागते. न थांबता उत्तर देते आणि ते भलतंच असतं.

आता हे एवढं लिहिल्यावर खरं तर मी इथेच थांबायला हवं. पण तू मला कधी काही मागत नाहीस. म्हणून मागच्या पानावर आकडे लिहिले आहेत. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट बटण दाबत राहायचं, सेटिंगचा पडदा येतो, त्यात मेमरी या पानावर जायचं. सोळाच्या खाली जाऊ नकोस. मूळ आकडे आधी कागदावर उतरवून ठेव.

फेब्रुवारीत आमच्याकडे नवी यंत्रं यायची होती, सुट्टी मिळाली नाही. बघतो.

भाऊजींना नमस्कार सांग. म्हणजे नको सांगू, त्यांना पत्राचं कळेल.

तुझा ठोंब्या

•

२६ जून

ठोंब्या,

आधी शहाणपणाचं सांगते, मग गाढवपणाचं.

तू लिहिलंस तसा बावीसचा आकडा सोळावर आणला. मग विचार केला, फरक पडला की नाही हे ठरवायचं कुणी? मी दुकानात दिवसभर काच बदलून विचारत असते, "आता बरं दिसतं की आता?" दोन्ही वेळा एकच काच घातली तरी दहातले सहा-सात जण म्हणतात, दुसरी बरी. बिचाऱ्यांना माझं मन मोडवत नाही. तेच ह्यांच्यावर करून पाहिलं. तीन दिवस सोळा ठेवले नि अवाक्षर काढलं नाही. ह्यांना काहीही कळलं नाही. मग गुपचूप परत बावीस केले आणि सहज म्हणाले, "आज फ्रेमवाल्यांनी काहीतरी करून दिलंय, जलद वाटतो का?" हे म्हणाले, म्हणजे कॉम्प्युटर म्हणाला, "हो. बराच फरक आहे. त्यांना धन्यवाद सांग."

म्हणजे तुझंच खरं. घड्याळातही तीनचे तीनच.

आता गाढवपणा. मागल्या रविवारी लिलावाच्या हॉलमधून मॅनेजर आले, सोबत ह्यांच्या जागी आलेली नवी पुकारणारी मुलगी. एक जुनं हॉटेल बंद झालंय, त्याचं सगळं सामान अठरा जुलैला निघायचं आहे. मुलगी म्हणाली, "काका, निदान पहिले वीस नग तुम्ही पुकारा. मशीनवर चालेल. मला शिकायला मिळेल." ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पण ते गेल्यावर तासाभराने टाइप करायला बसले, ते संध्याकाळपर्यंत. चार दिवसांत सव्वाशे वाक्यं करून ठेवली. कुठल्या आरशाला काय म्हणायचं, कुणी बोली लावायला कचरलं तर काय. मी पडद्यामागे बसून नुसत्या टकटकीवरून ओळखत होते, हे वाक्य जमलंय, हे खोडलंय.

मला वाटलं, ह्या कामासाठी तरी मशीन धावलं पाहिजे. तू सोळा म्हणालास. मी चौदा केले.

दोन दिवस चालला. परवा सकाळी हे अंघोळीला गेले असताना मी कॉम्प्युटर लावला, तर मध्येच निळा पडदा येऊन बंद पडला. पुन्हा लावला. सगळं होतं जागेवर, फक्त सव्वाशे वाक्यांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सगळी फाइल तशी.

ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, फ्रेमवाले जरा दुरुस्त करताहेत, ती फाइल उघडू नका. ह्यांनी दोनदा विचारलं. दोनदा खोटं बोलले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, मला ह्यांच्याशी खोटं बोलायची सवय नाही रे. काय करू ते लवकर कळव.

ताई

•

२९ जून

ताई,

कुरियरने पाठवतो आहे.

आत्ताच्या आत्ता मूळ आकडे परत घाल. तो सेटिंगचा पडदाच आला नाही, तर फ्रेमवाल्यांना कॉम्प्युटरच्या पेटीतली गोल चपटी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवायला सांग, सगळे आकडे आपोआप कारखान्याचे होतात. तोपर्यंत कुठलीही फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका. वाक्यं परत मिळतील असं मला वाटत नाही. खोटी आशा लावत नाही.

दोष तुझा नाही. उपयोग नाही हे माहीत असताना मी आकडे पाठवले. कारखान्यात मी नव्या मुलांना हेच शिकवतो, की काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणून पट्टीला हात लावायचा नाही. आणि बहिणीच्या घरात मी नेमकं तेच केलं. यायचं सोडून आकडे पाठवले.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती, ती राहिली. तू तीन सेकंद मोजलेस, ते कुठून? त्यांनी बटण दाबल्यापासून, की टाइप करणं थांबल्यापासून? दोन्ही वेगळं आहे. तू पडद्यामागे बसतेस, म्हणजे बटण तुला दिसत नसणार. एकदा बोट बघून मोज.

भाऊजींना मी लिहू का? तू म्हणशील तसं.

ठोंब्या

•

३ जुलै

अहो मेहुणे,

हे पत्र मी हाताने लिहितो आहे, कारण तुमच्या भगिनींनी कॉम्प्युटरवर पाळत ठेवली आहे. तुमची दोन्ही पत्रं मला चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली सापडली. माझ्याच चष्म्याच्या. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या बाईने लपवायला ही जागा निवडावी! तेव्हा कळलं की ती किती घाबरली आहे.

वाक्यं गेली हे मला आधीच माहीत होतं. मी दुपारी ती फाइल उघडून पाहिली होती. सव्वाशे प्रश्नचिन्हं. एक क्षण वाटलं, माझंच एखादं भाषण असावं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं नाही. तयार वाक्यांनी लिलाव होत नसतो. मी ती लिहीत होतो कारण लिहिताना तोंड उघडल्यासारखं वाटत होतं.

आता तुझा प्रश्न. (अहो-जाहो पुरे झालं.) अरे, तू एकट्याने बरोबर विचारलंस. मशीनला एक सेकंदही लागत नाही. बटण दाबलं की बोलतं. उरलेले दोन-तीन सेकंद माझे.

कारण सांगतो. मशीन आलं त्या दिवशी मी पहिलं वाक्य टाइप केलं, "चहा छान झालाय." साधंच. बटण दाबलं. आवाज आला आणि हिने दचकून दाराकडे पाहिलं. घरात कुणी परका पुरुष आला की बाई जशी बघेल तशी. अर्धा सेकंद. मग हसून माझ्याकडे वळली, "वा!" म्हणाली. पण मी तीस वर्षं चेहरे वाचून पोट भरलंय. तो अर्धा सेकंद माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून मी वाक्य टाइप करून थांबतो. ही खाली ताटात बघेपर्यंत, किंवा सुईत दोरा ओवायला लागेपर्यंत. तिने मान खाली घातली की बटण दाबतो. म्हणजे मला ते पुन्हा बघायला लागत नाही.

आणि गेले दोन महिने ही मान खाली घालतच नाही! टक लावून बघत बसते. आत्ता तुझ्या पत्रांवरून कळलं, बाईसाहेब सेकंद मोजत होत्या. ती मोजते म्हणून मी थांबतो, मी थांबतो म्हणून ती मोजते. असा लिलाव मी आयुष्यात पाहिला नाही.

तिला सांगू नकोस. तिला उगाच अपराधी वाटेल.

आणि तू कुठे दडून बसला आहेस? यंत्रं आली म्हणून सुट्टी नाही, हे मला सांगू नकोस. मी सांगतो तू का येत नाहीस ते. आमच्या लग्नात तू वीस वर्षांचा होतास आणि मला 'भाऊजी' म्हणायला तुला पुरं एक मिनिट लागलं होतं. सगळे तुझा शब्द पुरा करून द्यायला टपले होते. मी थांबलो होतो. त्यात उपकार काही नव्हते, मला खरंच ऐकायचं होतं तू काय म्हणतोस ते. माझ्याशी बोलताना तू कमी अडखळतोस, असं तूच एकदा म्हणाला होतास. आता तुला वाटतं, हा माणूस गप्प झाला, आता मी ह्याच्यापुढे बसून काय करू.

अरे, ये. तू अडखळ, मी टाइप करतो. दोघांनाही घाई नाही. आणि अठरा तारखेला ती पेटी हॉलपर्यंत उचलून न्यायला एक धडधाकट माणूस लागणार आहे.

तुझा भाऊजी

•

७ जुलै

ताई,

मी सोळा तारखेला सकाळी पोचतो. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, मी म्हटलं घरी पेटी उचलायची आहे. त्याला काही कळलं नाही, पण सही केली.

मेमरीचे आकडे आहेत तसेच राहू देत. मशीन चांगलं आहे. मी त्याला हातही लावणार नाही.

वाक्यांचं भाऊजींना माहीत आहे. रागावलेले नाहीत. तूच त्यांना सांग, म्हणजे तुझा जीव हलका होईल.

आणि एक करशील का? त्यांच्या समोर बसतेस ती खुर्ची उचल आणि त्यांच्या शेजारी ठेव. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. ते टाइप करत असताना त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, पडद्यावर बघायचं. घड्याळ कपाटात. का ते मला विचारू नकोस, मी शब्द दिलेला नाही पण मोडणारही नाही.

तुझा ठोंब्या

•

५ ऑगस्ट

प्रिय ठोंब्या,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. तुझा टॉवेल इथेच राहिला.

तू होतास तेव्हा सगळं बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. तुझ्या पत्रानंतर मी खुर्ची हलवली. पहिले दोन दिवस आम्ही दोघं बसमधल्या अनोळखी माणसांसारखे पुढे बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ह्यांनी टाइप केलं, "तुझ्या कोपराला लागतंय का?" आणि बटण दाबायच्या आत मी म्हटलं, "नाही." हे चमकले. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की आवाजाची वाटच बघायची गरज नाही. मी वाचत होते.

मग त्यांनी बटण न दाबता मला सगळं लिहून सांगितलं. चहाचं, दाराकडे बघितल्याचं. मी वाचत गेले आणि मला हसावं की रडावं कळेना. अरे, मी दाराकडे का पाहिलं होतं सांगू? माझा नवरा महिनोन्‌महिने गप्प होता आणि त्या दिवशी घरात बोलला. आवाज कुणाचा का असेना, वाक्य ह्यांचं होतं. मला वाटलं, आत्ता ह्या क्षणी कुणीतरी दारात असायला हवं होतं. शेजारची, दूधवाला, कुणीही. ऐकायला. म्हणून पाहिलं. कुणी नव्हतं. एवढंच. आणि ह्या चेहरे वाचणाऱ्या शहाण्याने त्यावर पाच महिने काढले!

मी म्हटलं, "विचारायचं नाही का?" ह्यांनी लिहिलं, "तू मला कुठे विचारलंस सेकंदांचं?"

लिलाव तू पाहिलासच. पण तू मागे वायर धरून उभा होतास, तुला लोकांचे चेहरे दिसले नसतील. पहिल्या नगाला सगळे संकोचलेले. हे टाइप करत होते, मी शेजारी बसून वाचत होते. त्या भल्यामोठ्या आरशासाठी ह्यांनी लिहिलं, "ह्यात बघून हॉटेलच्या मॅनेजरने तीस वर्षं स्वतःची समजूत घातली आहे, काच मजबूत आहे," आणि मी आधीच फिसकन हसले. पुढच्या रांगेने मला हसताना पाहिलं आणि आता काय येतंय म्हणून लोक माना उंच करून वाट बघायला लागले. मग आवाज आला आणि हॉल खदखदला. पुढच्या नगापासून लोक मशीनकडे बघेनासेच झाले, माझ्या तोंडाकडे बघायला लागले. नवी मुलगी वहीत लिहून घेत होती. ह्यांनी तिला विचारलं, काय लिहितेस. ती म्हणाली, "काकूंकडे कधी बघायचं ते."

आणि हरणांची शिंगं असलेला तो कपडे अडकवायचा स्टँड. मी हात वर करायला नको होता हे मान्य. पण कुणीच बोली लावेना आणि ह्यांचा चेहरा पडायला लागला. ह्यांनी एवढ्या झटकन "दिला!" दाबलं की मला हात खाली घ्यायलाही वेळ मिळाला नाही. तेव्हा कुठे गेले होते तीन सेकंद?

तर काल आम्ही भांडलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. स्टँड कुठे ठेवायचा यावरून. मी म्हणते गॅलरीत, हे म्हणतात दारामागे. मी तावातावाने बोलत होते, हे दोन बोटांनी बडवत होते. अर्ध्यावरच मी म्हटलं, "कळलं मला काय म्हणायचंय ते." ह्यांनी सगळं खोडलं, नवीन काहीतरी टाइप केलं आणि पडदा हाताने झाकून बटण दाबलं. त्या बातम्या देणाऱ्या आवाजात घरभर ऐकू आलं, "काहीही कळलेलं नाही." शेजारची खिडकीतून डोकावली, काय झालं म्हणून. मी तिला म्हटलं, "काही नाही हो, आमचं चाललंय."

तू गेल्यावर ह्यांनी मला सांगितलं, ठोंब्या आता माझ्यापुढे 'भाऊजी' एका दमात म्हणतो. मी म्हटलं, मी नाही ऐकलं. तर म्हणाले, तू मध्ये मध्ये बोलत होतीस. पुढच्या महिन्यात पुन्हा ये. तुझ्या मॅनेजरला सांग, स्टँड हलवायचा आहे.

हे मघापासून टाइप करताहेत. खूप मोठं काहीतरी दिसतंय, दोनदा स्वतःशीच हसून झालं. पत्र इथेच थांबवते. मला जाऊन वाचायचं आहे.

तुझी ताई